दुसरा प्रश्न कोणाला विचारला जातो?

इंग्रजीचा विषय निघाला की आपल्या सभा-संमेलनांतली आणि नियतकालिकांतली चर्चा माध्यमापाशी येऊन थांबते. मूल मराठी शाळेत घालायचे की इंग्रजी, एवढाच जणू प्रश्न उरला आहे. महाराष्ट्र शासनाने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हा मराठीच्या कैवाऱ्यांनी गळा काढला. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजीचे वर्ग गावोगाव निघाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी विचारले की ज्यांची स्वतःची मुले कॉन्व्हेंटात शिकतात त्यांनी हा उपदेश आम्हालाच का करावा? हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. इंग्रजीची ओढ ही आपल्या समाजाने पांढरपेशांची केलेली नक्कल नव्हे. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. रामजी सुभेदारांनी लहानग्या भीमाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून घेतल्या, असे चरित्रकार सांगतात. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने २०१० साली इंग्रजीदेवीचे मंदिर बांधायला घेतले गेले, तेही याच ओढीतून. (बुद्धाच्या वाटेने निघालेल्यांना आणखी एक देवी कशाला, हा वाद वेगळा.)

परंतु या साऱ्या वादात एक गोष्ट कोणी विचारीत नाही. माध्यम कोणतेही असो, त्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षक नेमके काय बोलतो? कोणाशी बोलतो? मुलाने उत्तर दिल्यावर त्या उत्तराचे पुढे काय होते? ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, इंग्रजीत चार वाक्ये बोलणारे माणूस नाही, त्या घरातल्या मुलाला अभ्यासाची इंग्रजी ऐकायला मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे शिक्षकाचे तोंड. पुस्तक आहे, पण ते वाचायला आधी ती भाषा कानावर पडावी लागते. वकिलाच्या किंवा प्राध्यापकाच्या मुलाला शिक्षक वाईट मिळाला तरी घर भरून काढते. आपल्या मुलाचे घर ते भरून काढू शकत नाही. म्हणून शिक्षकाच्या बोलण्याचा विचार ही शिक्षणशास्त्राच्या पदविकेतली एक बाब एवढ्यावर सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

हा विचार सर्वाधिक झाला तो अमेरिकेत, आणि तोही रस्त्यावरच्या आणि न्यायालयातल्या लढ्यांमुळे झाला. अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेतून शिकून आले आणि त्यांनी त्या साहित्याची चर्चा इकडे सुरू केली. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नावही तिकडूनच घेतले. त्यांच्या कविता आपण वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या. त्यांच्या शाळांच्या वर्गांत मात्र आपण डोकावलो नाही.

सान फ्रान्सिस्को शहरातील खटल्यापासून सुरुवात करू. तेथे चिनी वंशाची सुमारे १,८०० मुले अशी होती की त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि शाळा त्यांना ते येण्यासाठी वेगळे काहीही करीत नव्हती. शाळेचे म्हणणे असे की आम्ही भेदभाव कुठे केला? सर्वांना एकच इमारत, एकच पुस्तक, तोच शिक्षक, तोच अभ्यासक्रम. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी १९७४ रोजी निकाल दिला की, ज्यांना भाषाच कळत नाही त्यांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. निकालाचा आधार होता १९६४ चा नागरी हक्क कायदा, म्हणजे काळ्यांच्या लढ्यातून जन्मलेला कायदा. काळ्यांनी मिळवलेल्या हत्याराने चिनी मुलांना वर्गात जागा मिळाली, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'गुणवत्ता सर्वांना सारखीच लावा' असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आरक्षणविरोधकांनाही तो निकाल वाचायला द्यावा.

मात्र वेगळे काहीतरी करा असे सांगताना नेमके काय करा, हे न्यायालयाने सांगितले नाही. ते शोधण्याचे काम शिक्षणशास्त्रज्ञांकडे आले. कॅनडातील टोरांटोचे जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक भेद मांडला. रोजच्या व्यवहाराची भाषा निराळी आणि अभ्यासाची भाषा निराळी. बाहेरून आलेली मुले साधारण दोन वर्षांत खेळाच्या मैदानावर सफाईने इंग्रजी बोलू लागतात, पण वर्गातील अभ्यासात इतरांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात. मधल्या काळात शिक्षक फसतो. मूल फडाफडा बोलते, तरी लिहिताना अडते, म्हणजे ते बुद्धीनेच कमी असले पाहिजे असा निष्कर्ष तो काढतो. वेरूळ-अजिंठ्याला माळा आणि रंगीत दगड विकणारी पोरे परदेशी प्रवाशांशी इंग्रजीत भाव करताना ज्यांनी पाहिली असतील त्यांना कमिन्सचे म्हणणे लगेच पटेल. त्याच पोरांपैकी एखाद्याला 'गुहेच्या आत थंड का वाटते ते चार वाक्यांत लिही' म्हटले तर काय होईल? शब्द कमी पडतील असे नाही. 'जरी-तरी', 'त्यामुळे', 'याउलट', 'अशा स्थितीत' हे जे जोड असतात, ज्यांनी एक विचार दुसऱ्याला बांधला जातो, ते इंग्रजीत त्याच्याजवळ नसतील. कारण दगड विकताना त्यांची गरज कधी पडली नाही.

कमिन्सचा भेद उपयोगी आहे आणि धोक्याचाही आहे. कॅरोल एडेल्स्की आणि इतर टीकाकारांनी तो धोका वेळीच दाखवला. 'अभ्यासाची भाषा यांच्याजवळ नाही' हे वाक्य 'यांच्याजवळ भाषाच नाही' या वाक्यापासून फार लांब नसते. इंग्लंडात बेझिल बर्नस्टाइन यांनी कामगारांच्या आणि मध्यमवर्गाच्या बोलण्याच्या पद्धतींत फरक दाखवला. त्यांचा हेतू काहीही असो, पुष्कळांनी त्याचा अर्थ कामगारांची मुले भाषेने दरिद्री आहेत असा घेतला. दारिद्र्य खिशात होते, ते जिभेवर असल्याचे ठरवून टाकले की शाळेची जबाबदारी संपते. आपल्याकडे 'याची वाणीच शुद्ध नाही' म्हणणाऱ्यांनी तर यासाठी शास्त्राचीही वाट पाहिली नाही.

याला सर्वांत चोख उत्तर दिले ते विल्यम लेबॉव्ह यांनी, १९६९ च्या एका निबंधात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांच्या एका काळ्या मुलाची मुलाखत त्यांनी मांडली आहे. मुलगा एकेका शब्दात उत्तर देतो, नाहीतर गप्प राहतो. प्रश्न विचारणारा कोणी गोरा साहेब नव्हता. तो काळाच होता, हार्लेममध्येच वाढलेला होता. तरीही मुलगा गप्प. मग त्याने बैठकच बदलली. बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या जिवलग मित्राला बोलावले, स्वतः जमिनीवर बसला आणि मोठ्यांसमोर काढू नयेत असे विषय स्वतःच काढले. तोच मुलगा मित्राशी चढाओढीने बोलू लागला, एकमेकांचे म्हणणे खोडू लागला. भाषा होतीच. तिला तोंड उघडण्याजोगी जागा नव्हती. या प्रसंगातली जी बाजू आपल्या कार्यकर्त्यांनी मनावर घ्यायला हवी ती अशी की, आपल्या जातीचा शिक्षक वर्गात आला म्हणजे काम झाले असे नाही. तोही खुर्चीत बसून खालच्या आवाजातल्या मुलाला वरून प्रश्न टाकत राहिला तर मुलाच्या दृष्टीने तो हुकूमच.

आता वर्गातल्या प्रत्यक्ष बोलण्याकडे येऊ. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या सिंक्लेअर आणि कूल्थार्ड यांनी १९७५ साली आणि अमेरिकेत ह्यू मेहन यांनी १९७९ साली वर्गातले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले, आणि जगातल्या बहुतेक वर्गांचा सांगाडा उघडा झाला. शिक्षक प्रश्न विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक निकाल देतो. तीन पायऱ्या. 'पाणी किती अंशांवर उकळते?' 'शंभर.' 'बरोबर, बस खाली.' मेहन यांनी तपासलेला एक वर्ग कोर्टनी कॅझ्डन या विदुषी स्वतः शिकवीत होत्या. विद्यापीठातली खुर्ची सोडून त्या वर्षभर प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या होत्या. (आपल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील किती प्राध्यापक वर्षभर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन शिकवतील?) मेरी बड रो यांनी तर सेकंद मोजले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतो, मग उत्तर स्वतः देतो किंवा दुसऱ्याकडे वळतो. तोच तीन सेकंद थांबला तर उत्तरे लांब येतात, जी मुले कधी बोलत नाहीत ती बोलतात, कारणे सांगू लागतात. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्यांना शिक्षक हुशार समजतो त्यांच्यासाठी तो जास्त थांबतो आणि ज्यांना ढ समजतो त्यांच्यासाठी कमी. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला वेळ जास्त लागणार, आणि नेमका त्यालाच तो कमी मिळतो.

सारी मेख आहे ती तिसऱ्या पायरीत. मुलाने तोडके-मोडके उत्तर दिले. शिक्षक 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणून दार लावून घेतो, की त्या उत्तराला धरून दुसरा प्रश्न विचारतो? ऑस्ट्रेलियातील पॉलीन गिबन्स यांनी वर्णन केलेला लोहचुंबकाचा पाठ या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. मुले बहुतेक अशी की ज्यांच्या घरी इंग्रजी नाही. शिक्षिकेने गटांना वेगवेगळे प्रयोग दिले. गटात हाताळताना मुले 'हे बघ, हे चिकटलं', 'ते नाही जात' असे बोलतात. वस्तू समोर असल्याने 'हे' आणि 'ते' यांवर भागते. मग शिक्षिका म्हणते, आता तुम्ही काय पाहिले ते बाकीच्या वर्गाला सांगा. बाकीच्यांनी तो प्रयोग केलेला नाही, त्यामुळे सांगणे खरोखरच गरजेचे आहे. 'हे' म्हणून चालणार नाही, नाव घ्यावे लागेल, आधी काय नंतर काय ते सांगावे लागेल. 'ढकलणे' यासाठीचा शास्त्रीय शब्द शिक्षिका याच वेळी देते, मुलांनी ढकलले जाणे हातांनी अनुभवल्यानंतर, आधी नाही. मूल अडखळते, ती वाक्य पुरे करून देत नाही. पुन्हा सांग, आणखी नीट सांग म्हणते, थांबते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस त्याच मुलाच्या तोंडून जे वाक्य निघते ते पाठ्यपुस्तकातल्या वाक्याच्या जवळ आलेले असते. मग ते वहीत लिहायचे. मुलाच्या बोलण्यापासून पुस्तकाच्या भाषेपर्यंतचा पूल शिक्षिकेच्या बोलण्यावर उभा राहतो. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांविषयी दाखवले होते की, वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्यांना समजू उत्तम लागले, तरी बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहिली, कारण त्यांच्याकडून सलग बोलणे कोणी काढून घेतले नव्हते. शिक्षकाने नुसते चांगले इंग्रजी बोलावे आणि मुलांनी ऐकावे एवढ्याने भागत नाही, हा त्याचा अर्थ.

या कसोटीवर आपला सेमी-इंग्रजीचा वर्ग लावून पाहा. शिक्षक सांगतो, 'वॉटर हीट केलं की त्याचं इव्हॅपोरेशन होतं, आणि टेंपरेचर वाढलं की रेट वाढतो.' ऐकायला इंग्रजी वाटते. पण या वाक्यात इंग्रजी काय आहे? नामे. वाक्याचा कणा मराठी आहे, 'की' मराठी आहे, 'आणि' मराठी आहे, कार्यकारणभाव सारा मराठीत आहे. मूल वर्षभरात शे-दोनशे इंग्रजी नामे गोळा करते आणि परीक्षेत पुढे प्रश्न येतो तो 'का' असा, ज्याचे उत्तर 'बिकॉज' आणि 'देअरफोर'ने बांधलेल्या दोन-तीन सलग इंग्रजी वाक्यांत द्यायचे असते. ते वाक्य त्याने वर्गात एकदाही ऐकलेले नसते. मग ते गाईड आणते आणि पाठ करते. दोन भाषा मिसळण्याला माझा विरोध नाही. मिसळल्यावाचून आपल्या मुलांना शिकवताच येणार नाही. आक्षेप असा की, जी वस्तू सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेची, ती म्हणजे तर्काचे वाक्य, तीच या मिसळीतून गायब होते.

एक उदाहरण रचून पाहू. शिक्षक विचारतात, वारा सुटला की ओले कपडे लवकर का वाळतात? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणते, 'वारं पाणी नेतं, सर.' वर्ग हसतो. सर म्हणतात, 'दुसरं कोण सांगेल?' पहिल्या बाकावरचा मुलगा 'इव्हॅपोरेशन' एवढे म्हणतो, सर 'व्हेरी गुड' म्हणतात आणि फळ्याकडे वळतात. आता शास्त्र काय सांगते ते पाहा. कपड्यांजवळच्या हवेत साचलेली वाफ वारा वाहून नेतो, म्हणून नवी वाफ व्हायला वाव मिळतो. म्हणजे शास्त्राच्या जवळ ती मुलगी होती. पहिल्या बाकाने फक्त प्रक्रियेचे नाव उच्चारले, कारण सांगितलेच नाही. सरांनी दुसरा प्रश्न तिलाच विचारला असता तर? 'नेतं ते पाणी कुठल्या रूपात?' ती म्हणाली असती, 'वाफ.' 'वाफेला व्हेपर म्हणतात. आता इंग्रजीत म्हण, बिकॉज घालून.' 'क्लोद्ज ड्राय बिकॉज विंड टेक व्हेपर.' 'द विंड कॅरीज अवे द व्हेपर. बरं, मग कपड्याजवळची हवा कशी झाली?' व्याकरणाची चूक शिक्षकाने स्वतःच्या वाक्यात दुरुस्त करून परत दिली, तिला अडवले नाही, आणि विचार पुढे नेला. याला मिनिट-दीड मिनिट लागते. त्यासाठी शिक्षकाला ऑक्सफर्डचे इंग्रजी यावे लागत नाही. प्रत्येक पाठासाठी अशी दहा-पंधरा वाक्ये आधी स्वतःच्या जिभेवर बसवावी लागतात. आपले पुष्कळ शिक्षक स्वतःच शिकणारी पहिली पिढी आहेत, साठ-साठ मुलांचे वर्ग आहेत, वर जनगणना आणि निवडणुका आहेत, हे सारे खरे. तरी 'व्हेरी गुड' म्हणून फळ्याकडे वळणे हे या अडचणींमुळे घडते असे मला वाटत नाही. ते कोणाचे उत्तर पुढे नेण्याजोगे वाटते यावरून घडते.

ती मुलगी 'वारं' म्हणाली, 'वारा' नव्हे. मातृभाषेचा आधार द्या असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण मराठी शाळेतली मराठी ही कोणाची मातृभाषा आहे, हे ते सांगत नाहीत. अहिराणी बोलणारे, वऱ्हाडी बोलणारे, तांड्यावर गोरमाटी किंवा पाड्यावर पावरी बोलणारे मूल पहिली शिडी प्रमाण मराठीची चढते आणि दुसरी इंग्रजीची. पहिल्या शिडीवर हसू झाले तर दुसऱ्या शिडीला ते हात लावील कशाला? शर्ली ब्राइस हीथ यांनी कॅरोलायना भागातील गिरणी कामगारांच्या वस्त्यांवर अनेक वर्षे राबून १९८३ साली लिहिलेल्या ग्रंथात दाखवले आहे की, काळ्या वस्तीतली मोठी माणसे मुलांना ज्याचे उत्तर स्वतःला ठाऊक आहे असा प्रश्न सहसा विचारीत नसत. ती विचारीत, 'हे कशासारखं आहे?' शाळेत गोरी शिक्षिका विचारी, 'याचा रंग कोणता?' मुलाला प्रश्नच उमगेना, कारण रंग तर तिलाही दिसतो आहे! हीथ यांच्याबरोबर काम करणाऱ्या शिक्षिकांनी वस्तीतले प्रश्न वर्गात आणले, मुले बोलू लागली, आणि मग शाळेचे प्रश्नही त्यांना उघडपणे शिकवले. क्रम असा हवा.

शाळेचे नियम उघडपणे शिकवा, हा आग्रह पुढे लिसा डेल्पिट या काळ्या शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९८८ साली फार तीव्रतेने मांडला. उदारमतवादी गोरे शिक्षक म्हणत, मुलांना मोकळे लिहू द्या, चुका काढू नका. डेल्पिट यांचे म्हणणे असे की, सत्तेची एक भाषा असते, तिचे नियम असतात. ज्यांच्या घरी ते जन्मतःच मिळतात त्यांना 'मोकळे सोडा' म्हणणे परवडते. आमच्या मुलांना ते नियम स्पष्ट सांगा, आणि हे नियम कोणाच्या सत्तेमुळे नियम झाले तेही सांगा. आपल्याकडे या उदारपणाचे रूप थोडे वेगळे आहे. 'ह्या मुलांना झेपत नाही हो' असे म्हणत शिक्षक प्रश्न सोपे करीत जातो, 'का' सोडून 'काय' विचारतो, 'काय' सोडून हो-नाही विचारतो, शेवटी सारा वर्ग एका सुरात 'येस सर' म्हणतो. त्यात क्रूरपणा नसतो, बहुधा कणवच असते. परिणाम मात्र तोच होतो, जो पूर्वी दाराबाहेर बसवल्याने होत असे. मुलाच्या वाट्याला ज्ञानाचे उष्टे येते.

दाराबाहेरचा उल्लेख केला तो अतिशयोक्तीने नव्हे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब गोणपाटावर वेगळे बसत. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो आपण नेहमी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, तो एकदा वर्गातल्या बोलण्याचा दाखला म्हणून वाचावा. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते बाटतील म्हणून वर्गात एकच गलका झाला आणि मुले डबे हलवायला धावली. म्हणजे शिक्षकाने या विद्यार्थ्याला प्रश्न विचारणे हीच वर्गाच्या दृष्टीने खळबळजनक घटना होती! त्याच विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. मधली वाट त्यांनी कशी कापली हे आपण त्यांच्या असामान्य बुद्धीच्या आणि कष्टांच्या खात्यावर टाकतो, आणि ते खरेच आहे. परंतु सर्वसाधारण बुद्धीच्या मुलालाही ती वाट चालता यावी, हे शाळेचे काम असते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सारे ब्राह्मण असल्याचे नोंदवले होते. आज ती स्थिती नाही, शिक्षकांत आपली माणसे पुष्कळ आहेत. वर्गातल्या प्रश्नांची वाटणी तेवढ्याने बदलली का, हे कोणी तपासले आहे? शिक्षकाच्या प्रश्नांपैकी किती कोणत्या बाकाकडे जातात, 'का' कोणाला आणि 'काय' कोणाला, उत्तरानंतर पुढचा प्रश्न कोणाला, याची आठवडाभर नोंद ठेवायला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. आपल्या विद्यार्थी संघटनांनी हे काम हाती घ्यावे.

वर सांगितलेल्या संशोधनावर माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. ते सेकंद मोजते, पायऱ्या मोजते, पण शिक्षक मुलाला ऐकतो तेव्हा त्याच्या कानात कोण बसलेले असते, हे फार थोड्यांनी विचारले. नेल्सन फ्लोरेस आणि जोनाथन रोझा यांनी २०१५ साली ते विचारले. त्यांच्या मते काळ्या किंवा लॅटिनो मुलाने गोऱ्या मुलासारखेच वाक्य उच्चारले तरी ते अशुद्ध ऐकू येते, कारण ऐकणारा कान वंशाने घडलेला असतो. म्हणून 'अभ्यासाची भाषा' शिकवली की मुले स्वीकारली जातील, हा समजच भाबडा आहे. हे म्हणणे आपल्याला नवे नाही. तोंडी परीक्षेला आडनाव वाचल्यावर उच्चार कसे खटकू लागतात, हे आपल्यातल्या कोणत्याही पदवीधराला विचारा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला, त्यात शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही अशी अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची तक्रार होती. ही सारी मुले अभ्यासाचे इंग्रजी शिकूनच तेथवर पोचली होती.

तरीही फ्लोरेस-रोझा यांच्यापाशी मी थांबू शकत नाही. कान बदलण्याची लढाई लढलीच पाहिजे, पण ती संपेपर्यंत मुलीला 'बिकॉज'चे वाक्य न देता बसवून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. बाबासाहेबांनी परक्यांच्या भाषेत परक्यांच्या विद्यापीठात जातीची चिरफाड केली, ती त्या भाषेतले तर्काचे वाक्य त्यांच्या मुठीत होते म्हणून. या बाबतीत मी डेल्पिट यांच्या बाजूचा आहे.

शेवटी आपल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतून शिकवल्या जाणाऱ्या पाठ-टाचणाविषयी. पारंपरिक टाचणात शिक्षक-कृती, विद्यार्थी-कृती आणि फलक-लेखन असे रकाने असतात. विद्यार्थी-कृतीच्या रकान्यात मुलाने द्यावयाचे उत्तर शिक्षक आदल्या रात्रीच लिहून ठेवतो. 'वारं पाणी नेतं' हे उत्तर त्या रकान्यात कधीच लिहिलेले नसते, आणि ते आले तर पुढे काय विचारायचे यासाठी टाचणात रकानाच नाही. अध्यापक विद्यालयांत शिकवणाऱ्या आपल्या मित्रांनी निदान हा एक रकाना येत्या सत्रापासून आखून घ्यावा, आणि पाठाचे निरीक्षण करताना गुण त्या रकान्याला द्यावेत.